टप किती वेळा उघडला: दोन आसनी गाडीच्या तीन वर्षांचे एक प्रकरण

या प्रकरणातील गाडी, माझ्दाची एमएक्स-५, आमच्या घरची आहे आणि ती मला मनापासून आवडते, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र गेली तीन वर्षे तिच्या नोंदी आम्ही जितक्या काटेकोरपणे ठेवल्या, तितक्या आधीच्या कोणत्याही गाडीच्या ठेवल्या नव्हत्या. त्या नोंदी चाळताना जे दिसले ते दोन आसनी, उघडणाऱ्या टपाची नवी गाडी घेऊ पाहणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

परिस्थिती

घरात माझे पती आणि मी. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली, मुले आपापल्या मार्गाला लागलेली, सासूबाई जवळच पण स्वतंत्र राहणाऱ्या. नऊ वर्षे वापरलेली पाच आसनी हॅचबॅक दारात उभी होती आणि ती कसलाही त्रास देत नव्हती. नव्या गाडीची गरज अशी नव्हतीच. होती ती माझ्या पतींची फार जुनी हौस, आणि एका भाड्याच्या उघड्या गाडीतून दोन दिवस फिरल्यावर मलाही लागलेली ओढ.

हौसेच्या खरेदीत हिशेब मागे पडतो, म्हणून आम्ही तो मुद्दाम आधी मांडला. दोन महिने हॅचबॅकच्या कप्प्यात एक कागद ठेवला आणि प्रत्येक फेरीला गाडीत किती माणसे होती, डिकीत काय होते आणि अंतर किती झाले, एवढेच त्यावर लिहिले. तिसरे माणूस गाडीत बसल्याचे प्रसंग दोन महिन्यांत पाचच निघाले आणि त्या पाचही वेळा टॅक्सी सहज करता आली असती. डिकी बहुतेक वेळा रिकामी होती, नाहीतर दोन पिशव्यांपुरती भरलेली. दोन आसने आम्हाला पुरतील, असा निष्कर्ष त्या कागदावरून निघाला. तरीही पहिले वर्षभर जुनी गाडी विकायची नाही असे ठरले, आणि ते ठरले हे फार बरे झाले, कारण कागदावर एक गोष्ट लिहायची राहून गेली होती. ती यथावकाश येईलच.

निवड

या वर्गात पर्याय मुळात मोजकेच. आम्ही तीन गाड्या पाहिल्या: पोर्शची ७१८ बॉक्स्टर, बीएमडब्ल्यूची झेड४ आणि माझ्दाची एमएक्स-५. बॉक्स्टरचे इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे असते, त्यामुळे तिला पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या मिळतात. झेड४ ची डिकी २८१ लिटरची आहे आणि टप उघडला तरी ती तेवढीच राहते. तिचा विजेवर चालणारा कापडी टप सुमारे १० सेकंदांत, ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात चालू गाडीतही उघडतो. दोन्ही गाड्या उत्तम आहेत, परंतु आमच्या कुवतीच्या आणि गरजेच्या दोन्ही अर्थांनी त्या मोठ्या होत्या. दोन माणसांनी रोज थोडेसे अंतर आनंदाने जावे, यासाठी एवढी ताकद लागत नाही.

एमएक्स-५ पहिल्यांदा १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात दिसली, आणि एप्रिल २०१६ मध्ये तिची दहा लाखावी गाडी तयार झाली. आम्ही पाहिली ती तिची चौथी पिढी. सुमारे १,०६० किलो वजन, चार मीटरपेक्षा कमी लांबी, पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे सरकवून बसवलेले दोन लिटरचे इंजिन, हाताने टाकायचे सहा गिअर आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद. ही गाडी दोन रूपांत मिळते. एकात कापडी टप हाताने उघडायचा असतो. दुसरे रूप आरएफ या नावाचे. त्याचा कडक टप बटण दाबून धरल्यावर सुमारे १३ सेकंदांत आसनांमागे जाऊन बसतो, तोही गाडी ताशी १० किलोमीटरपेक्षा हळू असताना, आणि या यंत्रणेमुळे गाडीचे वजन सुमारे ५० किलोंनी वाढते.

कापड की कडक, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. १९९६ मध्ये मर्सिडीझने एसएलके ही गाडी घडीच्या धातूच्या टपासह आणली, तेव्हा कापडी टपाचे दिवस संपले असेच अनेकांना वाटले होते. बीएमडब्ल्यूनेही २००९ च्या झेड४ ला धातूचा टप दिला. पण पुढची झेड४ २०१८ मध्ये आली ती कापडी टप घेऊन, आणि मर्सिडीझची एसएलसुद्धा २०२१ मध्ये कापडाकडे परतली. कडक टपाची घडी डिकीची जागा खाते, आणि त्याचे वजन गाडीत नेमके जिथे नको तिथे, म्हणजे उंचावर असते. माझ्या पतींचा कल मात्र आरएफकडे होता. टप बंद असताना आत शांतता जास्त, कोणी चाकू मारून कापेल ही धास्ती नाही, शिवाय गाडी बंद स्थितीतही देखणी दिसते, हे त्यांचे म्हणणे खरेच होते.

प्रश्न सुटला तो डीलरच्या आवारात. दोन्ही गाड्यांत आळीपाळीने बसून आम्ही प्रत्येकी दहादा टप उघडला आणि लावला. आरएफमध्ये १३ सेकंद बटण दाबून बसायचे, आणि ऐकायला ते काहीच नाही. परंतु सिग्नलला उभे असताना दिवा कधी हिरवा होईल याचा भरवसा नसतो, मागे गाड्या असतात, आणि अशा वेळी माणूस बटणाला हातच लावत नाही. कापडी टपाची काचेच्या चौकटीवरची खिट्टी सोडायची, टप डोक्यावरून मागे लोटायचा, वरून दाबून ‘टक्’ असा आवाज आला की झाले. जागेवरून उठावे लागत नाही आणि तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. लावताना आसनांच्या मागची कळ ओढली की घडी थोडी वर उचकते आणि मग तिचा दांडा धरून पुढे ओढायचा. माझ्या पतींचा खांदा आखडलेला असल्याने हे मागे वळून ओढणे त्यांना पहिल्या दोन वेळा जड गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी आधी कंबरेतून वळून मग हात मागे नेला आणि दुखणे थांबले. कापडी टप ठरला. तीन वर्षांनंतर मला वाटते की या संपूर्ण खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. इंजिन, रंग आणि चाके त्याच्या खूप मागे येतात.

टेस्ट ड्राइव्हसाठी आम्ही अर्धा दिवस मागून घेतला आणि त्यातला निम्मा वेळ टप मुद्दाम बंद ठेवला. उघडी गाडी कोणालाही पहिल्या दहा मिनिटांत आवडते. ती बंद असताना सोसवते का, हे तपासायचे बहुतेकांचे राहून जाते. बंद टपाखाली पतींचे केस अस्तराला टेकत होते, मागच्या कोपऱ्यातले काही दिसत नव्हते आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकचे चाक थेट माझ्या कानाशी फिरत होते. माझी उंची कमी असल्याने स्टेअरिंग जवळ ओढता येणे मला आवश्यक होते. या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत ते फक्त वरखाली होत असे, पुढे-मागे सरकण्याची सोय २०१८ च्या सुधारणेत आली; वापरलेली गाडी घेणाऱ्याने हे अवश्य पाहावे. घरून नेलेल्या दोन बॅगाही डिकीत घालून पाहिल्या. १३० लिटरची ही डिकी खोल आहे, पण तिचे तोंड लहान आहे. कडक कवचाची बॅग तोंडाशीच अडली आणि तेवढ्याच मापाची मऊ बॅग दाबून आत गेली. प्रवासी बसतो त्याच्या समोर नेहमीचा कप्पा नाही. कुलपाचा एक कप्पा दोन्ही आसनांच्या पाठींच्या मधोमध मागे आहे. जादा चाक नाही, त्याऐवजी पंक्चर बुजवण्याचे द्रावण आणि हवा भरण्याचा छोटा पंप मिळतो. टायर बाजूने फाटला तर या दोन्हींचा उपयोग नसतो, हे लक्षात ठेवूनच लांबचा रस्ता धरावा लागतो.

ताबा

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी ती आम्हाला आवडली नाही. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत जे खड्डे नुसते जाणवले होते, ते या गाडीत कंबरेपर्यंत पोहोचत होते आणि वळणावर पुढची चाके रस्ता धरण्याऐवजी घसरल्यासारखी वाटत होती. घरी येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो. एवढी मोठी चूक झाली की काय, हा विचार दोघांच्याही मनात होता आणि बोलायची हिंमत कोणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, मी हवेचे मीटर लावले. चारही टायरांत ४२ पीएसआय हवा होती. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर २०० किलोपास्कल, म्हणजे २९ पीएसआय, असे स्पष्ट लिहिलेले आहे. नव्या गाड्या कारखान्यातून निघताना टायरांत जास्त हवा भरतात, कारण जहाजावर आणि गोदामात आठवडेच्या आठवडे एका जागी उभ्या राहिल्याने टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होण्याचा धोका असतो. ग्राहकाला ताबा देण्यापूर्वीच्या तपासणीत ही हवा कमी करणे हे डीलरचे काम असते. आमच्या डीलरने ती तपासणी पूर्ण झाल्याची सही केलेली होती, हवा मात्र तशीच होती. फोन केल्यावर गाडी घेऊन या म्हणाले. आम्ही घरीच चारही टायर २९ वर आणले आणि पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. गाडी बदलली होती. वजनदार गाडीत एवढ्या फरकाने नुसता दणका वाढतो. हलक्या गाडीत टायर हा स्प्रिंगचाच भाग असल्यासारखा काम करतो, आणि तो दगडासारखा झाला की बाकीची सगळी मेहनत वाया जाते. त्या सहीचा मला आजही राग येतो, कारण मीटर जवळ नसते तर आम्ही ती गाडी तशीच महिनोन्‌महिने चालवून तिच्याविषयी वाईट मत करून घेतले असते.

नव्या टायरांचा वरचा थर पहिले काहीशे किलोमीटर निसरडा असतो आणि पहिले १,००० किलोमीटर इंजिन ताणायचे नसते, एकाच वेगाने फार वेळ पळवायचेही नसते. या दोन्ही गोष्टी आम्ही पाळल्या. सुमारे १८४ अश्वशक्तीचे हे इंजिन मिनिटाला ७,५०० फेऱ्यांपर्यंत जाते, पण तिथपर्यंत ते आम्ही दुसऱ्या महिन्यात नेले.

उघड्या टपाखाली

टप उघडल्यावर वारा समोरून येतो असा समज असतो. प्रत्यक्षात समोरची काच वारा डोक्यावरून पलीकडे नेते, काचेच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती भरून काढायला हवा मागून, दोन आसनांच्या मधून आणि खांद्यांवरून, आत येते. त्यामुळे केस मागे न उडता पुढे, थेट डोळ्यांत येतात. हे कळल्यावर उपायही कळला. बाजूच्या काचा वर ठेवायच्या आणि आसनांच्या मागे वाराअडवणी लावलेली ठेवायची. ताशी ६० किलोमीटरला एवढ्यावर शांतपणे बोलता येते. शंभरला बोलणे थांबते.

आवाजाकडे मी विशेष लक्ष दिले, कारण वयाच्या या टप्प्यावर गेलेले ऐकू येणे परत येत नाही. अमेरिकेतील नायॉश ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था ८५ डेसिबल आवाजाची मर्यादा दिवसाला ८ तास मानते, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. मोबाइलवरचे आवाज मोजणारे अॅप अचूक नसते, पण तुलना करायला पुरते. महामार्गावर काचा खाली आणि काचा वर यांतला फरक त्यावर दर वेळी स्पष्ट दिसला. आमचा नियम आता ठरलेला आहे. महामार्गावर टप बंद, आणि उघडलाच तर काचा वर व कानात मऊ बोळे. आडरस्त्यावर सगळे उघडे.

उन्हाचा अंदाज सर्वांत जास्त चुकला. उघड्या गाडीसाठी लख्ख ऊन हवे, असे वाटत होते; भर दुपारच्या उन्हात मात्र डोके तापते, मांड्या भाजतात आणि अर्ध्या तासात टप लावावासा वाटतो. वारा गार असल्याने त्वचा भाजल्याचे वेळेवर कळतही नाही. नोंदवहीत सर्वांत आनंदाच्या नोंदी आहेत त्या सूर्य उगवण्याच्या आसपासच्या, ढगाळ दिवसांच्या आणि थंडीच्या. थंडीत हीटर पायांवर सोडून, गळ्याला मफलर आणि डोक्याला टोपी घालून फिरताना ऊब कंबरेपर्यंत साचून राहते आणि चेहऱ्याला फक्त गारवा लागतो. मात्र तापमान ५ अंशांच्या खाली गेले की कापडी टपाची घडी घालू नये, कापड आखडलेले असते.

गाडी चालवण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण एवढ्या सगळ्या तडजोडी ज्यासाठी करायच्या ते हेच आहे. ताकदीच्या आकड्यांवरून या गाडीची कल्पना येत नाही. वजन कमी आहे, ते पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मे-निम्मे आहे, आणि बसायची जागा मागच्या चाकांच्या इतकी जवळ आहे की वळताना गाडी आपल्याभोवती फिरते असे वाटते. वळणावर ती थोडी कलते. हे कलणे मला सुरुवातीला दोष वाटले, पण तेच तर रस्त्याची खबर देते: किती भार कोणत्या चाकावर आला, अजून किती वाव आहे, हे पाठीला कळते. एका घाटात मी रोज दुसऱ्या गिअरमध्ये ज्या वळणावर जाते, तिथे वेग ताशी ४० पेक्षा जास्त नसतो. तिथे ब्रेक सोडताना पुढचे टोक हलकेच वर येते, मग स्टेअरिंग फिरते, मग मागचे चाक खाली बसते आणि इंजिनाचा आवाज उघड्या टपातून डोंगराच्या भिंतीला लागून परत येतो. हे एवढे सगळे कायद्याच्या मर्यादेत, सायकलवाल्यालाही न घाबरवता घडते. सकाळच्या थंडीत पहिली काही मिनिटे गिअरपेटीतले तेल घट्ट असल्याने दुसरा गिअर जरा अडतो. तेवढा वेळ त्याला द्यावा, जोर लावू नये.

नोंदवहीत प्रत्येक फेरीपुढे टप उघडला की नाही, याची खूण आहे. पहिल्या वर्षी साधारण दर तीन फेऱ्यांत दोनदा तो उघडला गेला, दुसऱ्या वर्षीही तेवढाच, आणि यातल्या कितीतरी फेऱ्या पंधरा मिनिटांपेक्षा लहान होत्या. सामान आणायला जाताना, दात दाखवायला जाताना, परतताना नुसते चार मिनिटांसाठी. सहज हाताला आलेली गोष्ट हात करतो. उघडायला खटपट पडली असती, तर हा टप सुटीच्या दिवसांपुरता उरला असता.

पाणी

दुसऱ्या वर्षी एके सकाळी प्रवाशाच्या बाजूच्या गालिच्यावर पाय ठेवला आणि मोजा ओला झाला. रात्री जोराचा पाऊस पडून गेला होता. टप फाटला असेल, काचेचे रबर गेले असेल, अशा सगळ्या शंका आल्या; टप कोरडा होता, रबरही नीट होते. कारण वेगळेच निघाले. कापडावरून ओघळणारे पाणी टपाच्या मागच्या कडेला गोळा होऊन दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गाडीच्या खाली जावे, अशी रचना असते. त्या नळ्यांच्या तोंडाशी गाळणी असते. आम्ही गाडी वर्षभर झाडाखाली उभी करत होतो, आणि टप उघडा ठेवून फिरताना बारीक पाने, मोहोर आणि धूळ थेट त्या घळीत जात होती. गाळणी काढली तेव्हा तिच्यात काळ्या मातीचा गोळाच होता. तुंबलेले पाणी आत उतरले होते.

गाळणी धुणे पाच मिनिटांचे काम. गालिचा वाळवायला मात्र चार दिवस लागले, कारण त्याच्या खालचा जाड फोम स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. आसन काढून, गालिचा उचलून, खाली पंखा लावावा लागला. वरून कोरडे दिसते म्हणून सोडून दिले असते, तर वास आणि गंज दोन्ही लागले असते. चूक सर्वस्वी आमची होती, पुस्तिकेत गाळणी साफ करायला सांगितलेले आहे. आता ती वर्षातून दोनदा साफ होते, गाडी झाडाखाली उभी राहत नाही, ओला टप घडी करून ठेवला जात नाही, आणि धुताना जोराच्या फवाऱ्याचे तोंड शिवणीजवळ नेले जात नाही.

खर्चात आश्चर्य वाटावे असे काही घडले नाही. विमा जुन्या गाडीपेक्षा जास्त, इंधन जवळजवळ तेवढेच, आणि चारही टायर एकाच मापाचे असल्याने ते पुढे-मागे बदलता येतात.

सुरक्षितता

टप नसलेल्या गाडीत उलटल्यावर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. समोरच्या काचेची चौकट मजबूत पोलादाची असते आणि आसनांच्या मागे कमानी असतात. पट्टा बांधलेला असेल तरच या दोन्हींचा उपयोग आहे. २०१५ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या चाचणीत या पिढीच्या गाडीला ४ तारे मिळाले. पादचाऱ्यांच्या रक्षणात तिने ९३ टक्के गुण मिळवले, कारण पादचाऱ्याला धडक बसताच बॉनेटची मागची कड वर उचलली जाते आणि डोके इंजिनावर आपटत नाही. पाचवा तारा न मिळण्याचे एक कारण आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा अभाव हे होते. पुढच्या सुधारणांत ती सोय आली, म्हणून घेताना कोणत्या वर्षाची आणि कोणत्या श्रेणीची गाडी आहे हे विचारावे.

माझ्या मते रोजचा धोका उलटण्याचा नाही, न दिसण्याचा आहे. ही गाडी इतकी बुटकी आहे की ट्रकचालकाच्या खिडकीखाली ती संपूर्ण लपते. दिवसाही दिवे चालू ठेवणे आणि मोठ्या वाहनाच्या शेजारी रेंगाळत न राहणे, हे आम्ही अंगी बाणवले आहे. लहान मुलांबाबत तर स्पष्ट सांगायला हवे: मागचे आसनच नसल्याने मूल पुढेच बसणार, आणि मागे तोंड असलेले शिशुआसन चालू एअरबॅगच्या समोर ठेवणे प्राणघातक ठरू शकते. प्रवाशाची एअरबॅग बंद करता येते का, हे नातवंडे येणार असतील त्यांनी पैसे देण्याआधी पाहावे.

आसनाची उंची

आता कागदावर राहून गेलेली गोष्ट. आम्ही माणसे मोजली होती. ती माणसे कशी उठतात-बसतात, हे मोजले नव्हते. सासूबाईंना महिन्यातून एकदा दवाखान्यात न्यावे लागते. त्या एक आणि गाडी चालवणारी मी, म्हणजे आसने दोनच लागतात. कागदाच्या हिशेबात त्या कधीच अडचण म्हणून आल्या नव्हत्या. पण त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, आणि या गाडीचे आसन जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे असेच बसणाऱ्याला वाटते. पहिल्या वेळी त्या कशाबशा बसल्या. दवाखान्यापाशी उतरताना मात्र डोके टपाच्या कडेखालून बाहेर काढायचे, त्यासाठी वाकायचे आणि त्याच वेळी गुडघ्यांवर भार द्यायचा, हे त्यांना जमेना. मी आणि एक अनोळखी बाई, आम्ही दोघींनी त्यांना ओढून उठवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण परतताना म्हणाल्या, “मला टॅक्सी करून देत जा गं, तुझी गाडी चांगली आहे, माझे पाय चांगले नाहीत.” मला फार वाईट वाटले.

त्यापुढे त्यांच्यासाठी जुनी हॅचबॅक वापरायची असे ठरले. ती तेवढ्यापुरतीच निघत असल्याने एरवी उभीच राहू लागली, आणि एका महिन्यात नेमक्या दवाखान्याच्या दिवशी तिची बॅटरी उतरलेली निघाली. वेळ गाठायची होती. दारात दोन आसनी उभी होती, टप आदल्या संध्याकाळपासून उघडाच होता. सासूबाई दारापाशी आल्या, एक क्षण थांबल्या, मग पाठमोऱ्या होऊन आसनावर टेकल्या आणि दोन्ही पाय एकदम आत घेतले. वाकावे लागले नाही, कारण डोक्यावर काही नव्हतेच. दवाखान्यापाशी मी दार पूर्ण उघडले, त्यांनी पाय बाहेर टेकवले, एक हात काचेच्या चौकटीवर ठेवला, दुसरा माझ्या हातात दिला आणि त्या सरळ उभ्या राहिल्या. अडचण उंचीची होतीच, पण निम्मी अडचण टपाची होती, हे आम्हा दोघींना त्या क्षणी कळले.

हॅचबॅक आम्ही चौदाव्या महिन्यात विकली. तिसऱ्या माणसासाठी टॅक्सी करतो, आणि मोठे सामान असेल तर ते घरपोच मागवतो. सासूबाईंच्या पद्धतीत एवढीच भर पडली की आसनावर एक चपटी, घट्ट उशी असते, तिच्यामुळे त्यांना चार बोटे उंची मिळते. पट्टा मांडीवरून नीट बसतो ना, हे दर वेळी पाहून घेते.

गेल्या महिन्यात दवाखान्यापाशी पोहोचलो तेव्हा भुरभुर सुरू होती आणि टप लावलेला होता. छत्री घेऊन मी उतरणार, तोच त्या म्हणाल्या, “आधी ते उघड.” मी खिट्टी सोडली, टप न दुमडता नुसता वर उचलून त्यांचे डोके मोकळे होईल एवढा मागे केला, उतरून त्यांच्या बाजूला गेले, त्या चौकट धरून उठल्या, आणि मी परत येऊन टप ओढून लावला. आसनावर पडलेले थेंब पुसायला माझा रुमाल पुरला.